सोसायटीतलं नव्या कादंबऱ्यांचं कपाट : कामाच्या नोंदी

१ मार्च २०२५

ठाण्यात वर्तकनगरातल्या आमच्या सोसायटीच्या ऑफिसात एक लोखंडी कपाट होतं. जुने दिवाळी अंक, दहावीची गाइडं आणि कोणाच्या तरी लग्नाचे उरलेले आहेराचे डबे त्यात कोंबलेले. ते रिकामं केलं. कमिटीने सांस्कृतिक खर्चातून ₹१५,००० मंजूर केले. माझी एकच अट होती, देणगीची पुस्तकं घ्यायची नाहीत. देणगी म्हटलं की प्रत्येक घरातून त्याच चार गाजलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्या येतात आणि सोबत योगासनांचं एक पुस्तक. जुनं वाचायचं असेल तर स्टेशनजवळ मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ पासून आहे, त्याच्याशी आपण कशाला स्पर्धा करायची? आपल्याकडे फक्त गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदा छापलेल्या कादंबऱ्या.

ग्रुपवर विचारलं, काय वाचाल? रहस्य, प्रेम, इतिहास ही तीन उत्तरं सर्वांत जास्त आली. आत्मचरित्रालाही मतं होती, पण एवढ्या पैशांत चौथा खण परवडणार नव्हता.

९ मार्च

खरेदी सुरू. एका संकेतस्थळावर ‘प्रकाशन : २०२४’ असं लिहिलेल्या दोन रहस्यकथा मागवल्या. हातात आल्यावर पाहिलं तर मुखपृष्ठ नवंकोरं आणि आत प्रथमावृत्ती १९८० च्या आसपासची. संकेतस्थळावरची तारीख नव्या छपाईची होती. परत पाठवण्यात आठवडा गेला आणि टपालखर्च आपल्या खिशातून.

तेव्हा हे आधी करा: दुकानात उभं राहून शीर्षकपान उलटा आणि मागच्या पानावर ‘प्रथमावृत्ती’ शोधा. ‘नवी आवृत्ती’, ‘पुनर्मुद्रण’, ‘आमची पहिली आवृत्ती’ हे सगळं वेगळं. त्यातलं तिसरं फसवं आहे. दुसऱ्या प्रकाशकाकडचं जुनं पुस्तक यांनी घेतलं, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा छापील ओळखक्रमांक, बघून नवेपण ठरवू नका, कारण सुधारित आवृत्तीलाही नवा क्रमांक मिळतो. मनोगत किंवा प्रस्तावनेखालची तारीख बऱ्याचदा खरं सांगून जाते.

फेब्रुवारीअखेर दिल्लीला ९८ वं साहित्य संमेलन झालं. त्या सुमारास आलेली बरीच पुस्तकं सवलतीत होती, त्याचा फायदा झाला. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. बिलात लागला असेल तर तो कशावर लागलाय ते विचारा.

१६ मार्च

एकूण ३८ पुस्तकं : रहस्य १४, प्रेम ११, ऐतिहासिक १३. सवलत जाऊन ₹१०,१४०. त्यातले निम्म्याहून जास्त पैसे ऐतिहासिक खणाने खाल्ले. पाचशे-सहाशे पानांखाली कोणी थांबतच नाही.

कपाटाला आतून रंग मारून घेतला, ₹८००. मागची भिंत पश्चिमेची, म्हणजे पावसाच्या तोंडावरची. म्हणून कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवलं. सेक्रेटरी म्हणाले, “ताई, मध्ये आलंय ते.” येऊ दे.

२३ मार्च

कव्हरं. जांभळी नाक्यावरून जाड पारदर्शक प्लास्टिकचा रोल आणला, ₹३८०. दिसायला मजबूत. इमारतीतली दोन कॉलेजची मुलं आणि मी, तिघांनी मिळून सगळ्या पुस्तकांना घातली. चिकटपट्टी पुस्तकाला लावायची नाही, प्लास्टिकच्या दुमडीवरच लावायची. पुस्तकाला लावली की वर्षभरात ती पिवळी पडते आणि काढताना मुखपृष्ठाचा पापुद्रा घेऊन येते.

३० मार्च, गुढीपाडवा

कपाट उघडलं. लेखकाच्या आडनावाप्रमाणे अकारविल्हे लावलं होतं. मी बँकेत लेजर सांभाळलेली बाई, मला ते बरोबरच वाटत होतं. पण येणारा प्रत्येक जण कपाटासमोर उभा राहून एकच विचारत होता, “यातली खुनाची कुठली?” नव्या लेखकांची आडनावं लोकांना माहीतच नाहीत, मग अकारविल्ह्याचा उपयोग काय?

ग्रंथालयाचे आकडे घालावेत असं एकाने सुचवलं. ग्रंथालयं विषयवार क्रमांक देतात त्या ड्यूईच्या पद्धतीत मराठी कथा-कादंबऱ्यांना ८९१.४६३ हा एकच क्रमांक. म्हणजे ३८ च्या ३८ पुस्तकांवर तोच आकडा चिकटवायचा.

शेवटी तीन खण केले, तीन रंगांचे ठिपके. काळा रहस्याला, गुलाबी प्रेमाला, भगवा इतिहासाला. भांडण लागलं ते सीमेवरच्या पुस्तकांचं. पेशवाईतला खून कुठे ठेवायचा? फाळणीतली प्रेमकथा? तासभर वाद झाल्यावर तळमजल्यावरच्या काकांनी निकाल दिला, तो अजून चालू आहे. वाचक शेवटच्या पानाकडे कशासाठी धावतो ते बघायचं. ‘कोणी केलं’ यासाठी धावत असेल तर काळा ठिपका. ‘जमतं का’ यासाठी असेल तर गुलाबी. काय होणार हे आधीच ठाऊक असून वाचत असेल तर भगवा.

१३ एप्रिल

गुलाबी खणातलं एकही पुस्तक रजिस्टरमध्ये चढलेलं नाही. आणि खणात मात्र सातच उभी. चार बाहेर आहेत, नोंद नाही. तीन दिवसांनी दोन परत आली, तीही उलटी ठेवलेली.

रजिस्टर टेबलावर उघडं असतं. नाव, फ्लॅट नंबर, पुस्तक. मेंटेनन्सचा चेक द्यायला आलेला माणूस सहज वाचतो की कोणाच्या घरात काय चाललंय. एका बाईंनी मला जिन्यात थांबवून सांगितलं, “सुनेच्या नावावर लिहा हो.” तिची सून येऊन म्हणाली, सासूबाईंच्या नावावर लिहा.

रजिस्टर बदललं. आता प्रत्येकाला वाचक क्रमांक आहे, क्रमांकांची यादी माझ्याकडे कुलपात. रजिस्टरमध्ये क्रमांक आणि पुस्तक, बस. अनामत घरटी ₹२००, पावती देऊन. दोन आठवड्यांत गुलाबी खण सर्वांत जास्त फिरायला लागला. क्रमांकांत पुरुष किती आहेत ते मी सांगणार नाही, पण कमिटीच्या बैठकीत ‘हलकंफुलकं साहित्य’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी जरा जपून.

२० एप्रिल

उकाड्यात कव्हरांचं प्लास्टिक पुस्तकांना चिकटलं. मऊ, वास येणारं प्लास्टिक होतं ते. ऊन टेबलावर येतं तिथे दोन दिवस पडलेल्या तीन कादंबऱ्यांचं कव्हर काढलं तर शीर्षकाची अक्षरं प्लास्टिकवर निघून आली. एकीवर आता फक्त ‘…चं रहस्य’ एवढंच उरलंय. सगळी कव्हरं काढून टाकली आणि साडीच्या पिशवीचं असतं तसं पातळ, कुरकुरीत, बिनवासाचं प्लास्टिक घातलं, ₹२७०. चुरगळल्यावर कुरकुर वाजतं आणि हाताला तेलकट लागत नाही, ते घ्या.

२७ एप्रिल

काळा खण. एका कादंबरीत पान ४१ वर एका पात्राच्या नावाभोवती पेन्सिलीने गोल आणि समासात एकच शब्द: ‘हाच’. पुढच्या वाचकाने तक्रार केली, आणि रास्त होती, कारण तोच होता. खोडलं, तरी पेन्सिलीचा वळ कागदावर राहिला आणि तिरप्या उजेडात वाचता येतो. शेवटी त्याच पानावर आणखी तीन नावांभोवती मी तसेच गोल काढले आणि तिन्हींपुढे ‘हाच’ लिहिलं. त्यानंतर तक्रार नाही.

दुसरा त्रास, लोक ऑफिसातच उभ्याने शेवटचं प्रकरण वाचून पुस्तक परत ठेवतात. शेवटच्या प्रकरणाच्या पानांना बाहेरून कागदी पट्टी चिकटवून बघितली, वाचत तिथवर पोचलात की फाडा अशी. पट्टी फाडताना पानांच्या कडा फाटल्या, शिवाय दुसऱ्या वाचकासाठी परत पट्टी कोण लावणार? बंद केलं. ज्याला शेवट आधी हवा त्याला तो घेऊ दे.

मुदत मात्र कमी केली. रहस्यकथा घरात गेली की शनिवार-रविवारात तिघेजण वाचून काढतात आणि मग टीव्हीवर पडून राहते. पंधरा दिवसांऐवजी पाच दिवस केले आणि पुस्तकाच्या आतल्या बाजूला पुढच्या क्रमांकाची चिठ्ठी लावली. ऑफिसात आणूच नका, थेट त्या घरी द्या.

११ मे

भगवा खण, आणि यावर सविस्तर लिहिते, कारण इथे पैसे जातात.

पंधरा दिवसांत सहाशे पानांची कादंबरी कोणाची होत नाही. लोक अर्धी वाचून मुदत संपली म्हणून परत करत होते आणि दुसऱ्या दिवशी तीच घेऊन जात होते. महिना केला, तो प्रश्न मिटला.

मोठा प्रश्न बांधणीचा. १३ पैकी चार पुस्तकं मधोमध उघडी पडली, बहुतेक तीनशे पानांच्या आसपास. अंथरुणात पडून छातीवर ठेवून वाचलं की तिथेच ताण येतो. पानांचा एक गठ्ठा हातात आणि पुस्तक पोटावर. बाइंडरकडे नेली, म्हटलं जुजबंदी, म्हणजे घडीतून दोऱ्याची शिलाई, करून द्या, जुन्या पुस्तकांसारखी. तो हसला. पुठ्ठ्याच्या पाठीतून पानं ओढून दाखवली. फॉर्मची, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्याची, घडी राहिलेलीच नसते. कारखान्यात पाठ घासून सपाट करतात आणि गरम डिंक लावतात, म्हणजे प्रत्येक पान सुटं. सुट्या पानांना घडीतून टाका कसा घालणार?

दोनच उपाय उरतात. पहिला, बाजूने आरपार टाके. मजबूत होतं, पण टाका आतला समास खातो. एका पुस्तकाला तसं करून घेतलं तर प्रत्येक ओळीचं शेवटचं किंवा पहिलं अक्षर घळीत गेलं. वाचणाऱ्याला पुस्तक फाकवावं लागतं आणि फाकवलं की दोरा कागद कापतो. दुसरा उपाय, जुना डिंक खरवडून, पानांचा गठ्ठा शिकंज्यात धरून, आधी एका बाजूला पंख्यासारखा वाकवून फेविकॉल लावायचा, मग दुसऱ्या बाजूला वाकवून, म्हणजे प्रत्येक पानाच्या कडेला थोडा थोडा आत जातो. वर कापडी पट्टी. रात्रभर वजनाखाली. उरलेली तीन अशी केली. पुस्तक सपाट उघडतं आणि अजून टिकून आहे. चारींचे मिळून ₹४८०.

खरेदी करतानाच हे बघा: पुस्तक बंद धरून पाठीच्या वरच्या टोकाकडून पाहायचं. पानांचे छोटे छोटे गठ्ठे, कमानी कमानींसारखे दिसले तर शिवलेलं आहे. सगळं एकसलग सपाट, मध्ये डिंकाची रेघ, तर चिकटवलेलं. चारशे पानांपुढचं चिकटवलेलं पुस्तक सोसायटीच्या कपाटासाठी घेताना पुठ्ठा बांधणी आहे म्हणून फसू नका. पुठ्ठ्याच्या आत तोच डिंक असू शकतो.

२६ मे

पाऊस. मुंबईत मान्सून साधारण ११ जूनला येतो, म्हणून ओलाव्याचं काम जूनच्या पहिल्या आठवड्यात ठरवलं होतं. आजच हवामान खात्याने मुंबईत मान्सून आल्याचं जाहीर केलं, १९५० पासूनच्या नोंदींतलं सर्वांत लवकरचं आगमन. पश्चिमेची भिंत दोन दिवस आधीच गळायला लागली होती.

८ जून

भगव्या खणातल्या कापडी पाठींवर पांढरे ठिपके. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणलं, ₹३५०. कपाटात ८४ टक्के. ६५-७० च्या वर राहिलं की बुरशीला आमंत्रण.

सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या होत्या. निळे खडे चार दिवसांत गुलाबी झाले म्हणजे पाणी पिऊन भरले. ते तापवून परत वापरता येतात, पण स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. एवढ्या मोठ्या कपाटाला ठाण्याच्या पावसात त्या पुड्या म्हणजे समुद्रात चिमूट मीठ.

डांबरगोळ्यांनी कसर पळते, बुरशीला त्यांचं काही वाटत नाही. वर पुस्तकाला असा वास बसला की दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना दम्याचा त्रास सुरू झाला. गोळ्या काढल्या, कसरीसाठी कोपऱ्यांत वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवल्या.

काम केलं ते बल्बने. कपाटाच्या तळाला होल्डर, भोवती तारेची जाळी, मधल्या फळ्यांना भोकं, म्हणजे गरम हवा वर जाते. वायरमनसकट ₹३००. आधी त्याने एलईडीचा झिरोचा बल्ब लावला. रात्रभर चालू, आकडा जागचा हलला नाही. एवढासा एलईडी जवळजवळ तापतच नाही. जुन्या पद्धतीचा, तारेचा झिरोचा बल्ब लागतो. त्याला झिरो म्हणतात, पण तो १२-१५ वॅट खातो आणि तेवढी ऊब पुरते. असा बल्ब मिळायला वेळ गेला, शेवटी देव्हाऱ्याचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळाला. दोन दिवसांत आकडा ६६. जाळीला पुस्तक टेकणार नाही एवढी जागा सोडा, तळाचा खण त्यासाठी रिकामा ठेवलाय.

बुरशीची पुस्तकं ओल्या फडक्याने पुसू नका, डाग आत जातो. पंख्याखाली सावलीत उभी, पानं फाकवून वाळवली आणि तोंडाला रुमाल बांधून गच्चीच्या जिन्यात मऊ ब्रशने झाडली.

६ जुलै, आषाढी एकादशी

भगव्या खणातल्या समासांत युद्ध सुरू झालंय. एका कादंबरीत नायक १८४९ साली मुंबईहून आगगाडीने ठाण्याला येतो. समासात एका हाताचं अक्षर: ‘पहिली गाडी १६ एप्रिल १८५३. हा कशाने आला?’ खाली दुसऱ्या हाताचं: ‘कादंबरी आहे, वेळापत्रक नाही.’ त्याखाली तिसऱ्याचं, शाईने: ‘मग साल कशाला लिहिलं?’

माझं मत तिसऱ्याच्या बाजूने आहे. संवाद, प्रेम, मनातलं काय हवं ते लेखकाने रचावं. पण साल छापलं की ते तपासलं जाणार, आणि ठाण्यात तर रेल्वेचं साल शाळकरी पोरालाही पाठ असतं.

पण समासात लिहिणं थांबवायला हवं होतं. नुसती पाटी लावून थांबलं नाही. मग प्रत्येक ऐतिहासिक पुस्तकाच्या मागच्या आतल्या पुठ्ठ्याला एक पाकीट चिकटवलं, त्यात कोऱ्या चिठ्ठ्या. पान क्रमांक, काय खटकलं, कशावरून म्हणता. ‘कशावरून’ नसेल तर चिठ्ठी काढून टाकते. समास स्वच्छ झाले. आणि आता लोक आधी पाकीट वाचतात, मग कादंबरी.

काही चिठ्ठ्या खरंच कामाच्या आहेत. शिवकाळातल्या एका वाड्यात पाहुण्यांना चहा देणाऱ्या कादंबरीत दोन क्रमांकांनी वेगवेगळी चिठ्ठी टाकली आहे. कैदेतून सुटकेचा प्रसंग असलेल्या दुसऱ्या एका कादंबरीत तळमजल्यावरच्या काकांनी लिहिलं: ‘यात अतिशयोक्ती वाटत असेल तर, त्र्यंबकजी डेंगळे १८१६ साली इंग्रजांच्या कैदेतून ठाण्याच्याच किल्ल्यातून निसटले. किल्ला म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह. रिक्षाने वीस मिनिटं.’ ती चिठ्ठी वाचून दोन मुलांनी ते पुस्तक नेलं. नाहीतर भगव्या खणाला पंचविशीखालचं कोणी हात लावत नव्हतं.

३ ऑगस्ट

एक भाडेकरू घर सोडून गेले, सोबत दोन प्रेमकथा गेल्या. अनामत जमा करून घेतली, पण ₹२०० मध्ये दोन नवीन कादंबऱ्या येत नाहीत. नव्या सभासदांना ₹४००.

१४ सप्टेंबर

काळा खण थंड पडलाय. १४ पुस्तकं जवळजवळ सगळ्यांची वाचून झाली आणि खुनी कळलेली रहस्यकथा कोणी परत नेत नाही. गुलाबी खणाचं उलटं आहे, एकच क्रमांक तेच पुस्तक तिसऱ्यांदा नेतो. भगवी पुस्तकं अजून पहिल्याच फेरीत आहेत.

रस्त्यापलीकडच्या सोसायटीतही असंच कपाट सुरू झालंय. त्यांच्याशी बोलून १० रहस्यकथा दोन महिन्यांसाठी अदलाबदल केल्या. याद्या दोन प्रतींत, दोन्ही सेक्रेटरींच्या सह्या. आमच्या पाच दिवसांच्या मुदतीवर त्यांचा आक्षेप होता, सात दिवसांवर जमलं. पान ४१ वालं पुस्तक पाठवलं नाही.

१२ ऑक्टोबर

हिशेब: पुस्तकं १०,१४०, कव्हरं ६५०, रंग ८००, आर्द्रतेचं यंत्र ३५०, बांधणी ४८०, बल्ब ३००. एकूण ₹१२,७२०. शिल्लक ₹२,२८०. परत पाठवलेल्या पुस्तकांचा टपालखर्च यात नाही, तो मी भरला.

दिवाळीच्या खरेदीत रहस्यकथा दोनच घेणार, बाकी अदलाबदलीवर. प्रेमकथा सहा, त्यात हरवलेल्या दोन आल्या. ऐतिहासिक एक, तीही शिवलेली मिळाली तरच. बाइंडरला आधी विचारलंय, कोरं पुस्तक वाचायला देण्याआधीच पाठ पक्की करून द्यायचे तो ₹९० घेईल म्हणतो. कमिटीला ते महाग वाटतंय. फुटल्यावरचे ₹१२० त्यांना दाखवलेत, पुढच्या रविवारी ठरेल.